तुमचे प्रश्न: पारदर्शक पदार्थाचं दुसरं टोक

(विज्ञानविषयक पत्रांना या पानावर नाशिकच्या एका महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका उत्तरं देतात.)

या महिन्याच्या टपालात इन्फ्रारेडने ठाण मांडलंय. चार पत्रं निवडली. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे आणि त्यात आकडेमोड आहे. ज्यांना द्राक्षांपुरता रस आहे त्यांनी सरळ तिसऱ्या पत्राकडे जावं, मला राग येणार नाही.

प्रश्न: मॅडम, नमस्कार. मी तुमची बीएस्सीची विद्यार्थिनी. आता एमएस्सीच्या प्रकल्पात झिंक ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम मिसळून पातळ थर बनवते आहे. यूव्ही-व्हिजिबलमध्ये मॅग्नेशियम वाढवलं की शोषणाची कड डावीकडे सरकते, म्हणजे बँड गॅप वाढतो, हे छान दिसलं. मग सर म्हणाले, एफटीआयआर (इन्फ्रारेड शोषणाचा आलेख) काढ. काचेवरच्या थराचा आलेख तरंगसंख्या (एका सेंटिमीटरात किती लहरी) २००० च्या खाली सपाट शून्य आला. सिलिकॉनवरच्या थरात ६१० आणि ११०७ ला टोकदार शिखरं, २३५० जवळ जोडशिखर, आणि झिंक ऑक्साइडचं शिखर यायला लागतं तोवर ४०० ला आलेखच संपतो. गॅप वाढला म्हणजे थर आणखी पारदर्शक व्हायला हवा ना? इन्फ्रारेडमध्ये तसं का दिसत नाही?
— एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

अगं, गल्लत शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. आलेखांचं नंतर बघू.

बँड गॅप, म्हणजे बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी ऊर्जेची उडी, पारदर्शकतेच्या पट्ट्याचं एकच टोक ठरवतो, अल्ट्राव्हायोलेटकडचं. १२४० ला गॅपच्या इलेक्ट्रॉन व्होल्टने भागलं की नॅनोमीटर मिळतात, हे तुला पाठ असणार. झिंक ऑक्साइडचा गॅप ३.३ ते ३.४, म्हणून कड ३७० नॅनोमीटरच्या आसपास. मॅग्नेशियम ऑक्साइडचा ७.८, कड १५९ ला. मिश्रणाची कड या दोहोंच्या मधे. साध्या भट्टीत समतोल साधू दिला तर झिंक ऑक्साइड चारेक टक्क्यांपलीकडे मॅग्नेशियम सामावून घेत नाही. पण लेझरने उडवून थर बसवला की अणूंना वेगळं व्हायला सवडच मिळत नाही. १९९८ साली जपानमध्ये याच पद्धतीने मॅग्नेशियम एक तृतीयांशापर्यंत नेलं आणि गॅप ४ च्या जवळ पोचवला. त्यापुढे फार रेटलं की षटकोनी रचना टिकत नाही, मिठाच्या स्फटिकासारखी घन रचना डोकं वर काढते.

आता दुसरं टोक. १० मायक्रॉनच्या फोटॉनची ऊर्जा ०.१२४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. गॅप ३.४ असो की ७.८, इलेक्ट्रॉनला तेवढी उडी मारायला लावणं याच्या बसची बात नाही. तिथे गॅप वाढवून काहीच फरक पडत नाही. तिथे प्रकाश अडतो तो दोन कारणांनी: जाळीची कंपनं आणि मोकळे इलेक्ट्रॉन.

कंपनं आधी. झिंक धन, ऑक्सिजन ऋण. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र दोघांना उलट्या दिशांना ओढतं, आणि ठरावीक वारंवारतेला हे ओढणं बरोबर लागू पडतं. झिंक ऑक्साइडमध्ये, विद्युतक्षेत्र मुख्य अक्षाला काटकोनात असेल तर, आडवं कंपन (लहरीच्या दिशेला काटकोनात) तरंगसंख्या ४१० ला आणि उभं (लहरीच्याच दिशेत) ५९० ला. दहा हजाराला या आकड्यांनी भाग, मायक्रॉन मिळतील: २४.४ आणि १६.९. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात स्फटिकाच्या आत प्रकाशलहर टिकूच शकत नाही, पडलेल्यातला बहुतेक प्रकाश परत फिरतो. बर्लिनमध्ये रूबेन्स आणि निकोल्स यांनी १८९७ साली हाच गुण कामाला लावला. स्फटिकांवरून किरण पुन्हापुन्हा परावर्तित केले की एवढाच पट्टा शिल्लक राहतो, म्हणून त्यांना अवशिष्ट किरण म्हणतात. रूबेन्सने पुढे याच किरणांनी केलेली मोजमापं १९०० च्या ऑक्टोबरमध्ये प्लांकच्या हातात पडली आणि त्याने आपलं सूत्र मांडलं. क्वांटमची गोष्ट सांगताना सगळे प्लांकपासून सुरुवात करतात. माझ्या मते निम्मं श्रेय त्या मिठाच्या आणि फ्लोराइटच्या तुकड्यांना द्यायला हवं.

४१० आणि ५९० मधलं अंतर आपोआप पडलेलं नाही, हे एकदा हाताने करून बघ. ५९० भागिले ४१०, त्याचा वर्ग: २.०७. उच्च वारंवारतेचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती कमकुवत करतो त्याचं माप) ३.७ घे आणि गुण. ७.७ येतात. झिंक ऑक्साइडचा स्थिर क्षेत्रातला स्थिरांक खरोखर त्याच्याच आसपास मोजला जातो. लिडेन, सॅक्स आणि टेलर यांचं १९४१ चं हे समीकरण. परीक्षेत सिद्धता लिहायला लावतात, आकडे घालून कोणी बघत नाही.

आता मूळ प्रश्न. स्फटिक मिलिमीटरभर जाडीचा असेल तर इन्फ्रारेडकडची पारदर्शकता सर्वांत वरच्या कंपनाच्या साधारण दुप्पट तरंगसंख्येला ढासळायला लागते, कारण एका फोटॉनला तिथून दोन कंपनं एकदम उठवता येतात. झिंक ऑक्साइड: ५९० ची दुप्पट ११८०, म्हणजे साडेआठ मायक्रॉन. मॅग्नेशियम ऑक्साइड: वरचं कंपन ७२० च्या आसपास, दुप्पट १४४०, म्हणजे ७ मायक्रॉनच्या जरा अलीकडे. नीलमणी, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड: ९०० च्या आसपास, साडेपाच मायक्रॉन. नीलमण्याच्या खिडक्या विकणारेही पाचेक मायक्रॉनपर्यंतच हमी देतात.

हे आकडे गॅपच्या शेजारी ठेवून बघ. मॅग्नेशियम घातलंस की अल्ट्राव्हायोलेटकडची कड लघुलहरींकडे सरकली. इन्फ्रारेडकडची कडसुद्धा लघुलहरींकडेच सरकली. एका बाजूला कमावलं, दुसऱ्या बाजूला गमावलं. पट्टा रुंद झाला असं तुला वाटलं, कारण तू एकच टोक पाहत होतीस. या ऑक्साइडांमध्ये हे होतं ते योगायोगाने नाही. हलका धातू ऑक्सिजनला घट्ट आणि जास्त आयनिक पद्धतीने धरून ठेवतो. घट्ट धरल्यामुळे गॅप वाढतो, घट्ट आणि हलकं असल्यामुळे कंपन वर जातं. तुझ्या थराची जाडी काहीशे नॅनोमीटर असणार, त्यात हे दुप्पट कंपनाचं शोषण नजरेतही भरणार नाही. तिथे तुला सामना करायचाय तो थेट ४०० ते ६०० मधल्या मूळ पट्ट्याशी.

आणि मिश्रणाची खरी मजा तिथेच आहे. गॅप ठरवणारा इलेक्ट्रॉन शेकडो अणूंवर पसरलेला असतो, त्याला झिंक आणि मॅग्नेशियम वेगळे जाणवत नाहीत, सरासरी जाणवते. म्हणून गॅप सुरळीत चढत जातो. कंपन मात्र शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा मामला. ज्या ऑक्सिजनशेजारी मॅग्नेशियम बसलाय तिथला थरकाप वेगळाच. अंदाज काढायचा तर घटित वस्तुमान (दोन वजनांचा गुणाकार भागिले बेरीज) काढ: झिंक ६५.४ आणि ऑक्सिजन १६ यांचं १२.८५, मॅग्नेशियम २४.३ आणि ऑक्सिजनचं ९.६५. गुणोत्तराचं वर्गमूळ १.१५. म्हणजे नुसत्या वजनाच्या फरकाने ४१० चं कंपन ४७० च्या पुढे जायला हवं, आणि बंध घट्ट असेल तर आणखी वर. त्यामुळे झिंकवाल्या मोठ्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला मॅग्नेशियमवाली एक अशक्त शाखा वेगळी उभी राहते. आपल्या नाशिक ढोलच्या पथकात ताशे वाढवले तर ढोलाचा आवाज बारीक होत नाही, ढोल ढोलच राहतो आणि ताशा वरून वेगळा ऐकू येतो. तसंच. सगळ्या मिश्रणांचं असं होत नाही. काहींमध्ये एकच कंपन एका टोकाच्या पदार्थापासून दुसऱ्यापर्यंत सरकत जातं. पण वजनांत एवढी तफावत असली की दोन शाखांची अपेक्षा धरायची. उभ्या कंपनांच्या बाबतीत हिशेब आणखी गुंततो, कारण त्यांची विद्युतक्षेत्रं एकमेकांत मिसळतात.

मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं थोडक्यात. झिंक ऑक्साइड मुद्दाम काही न मिसळताही एन-प्रकारचं, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन असलेलं निघतं. इलेक्ट्रॉनांचं प्रभावी वस्तुमान ०.२८ धरून मी गणित केलं: घनसेंटिमीटरला १०¹⁸ इलेक्ट्रॉन असतील तर प्लाझ्मा वारंवारता (जिच्या खालचा प्रकाश मोकळे इलेक्ट्रॉन परत फिरवतात) तरंगसंख्या २९० च्या आसपास येते, ४ × १०¹⁸ ला ती बरोबर ५९० वर, म्हणजे उभ्या कंपनावर जाऊन आदळते. मग दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि शिखर ना या जागी, ना त्या जागी. १०²⁰ ला ती ३.४ मायक्रॉनला पोचते. ॲल्युमिनियम घातलेलं झिंक ऑक्साइड डोळ्याला स्वच्छ पारदर्शक आणि इन्फ्रारेडला धातूसारखं का, ते इथे कळतं. तुझा थर वीज वाहतोय का ते हॉल मापनाने (चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन मोजण्याची पद्धत) आधी बघून घे, नाहीतर इलेक्ट्रॉनांमुळे सरकलेलं शिखर मॅग्नेशियमच्या नावावर लिहून बसशील.

आता आलेख. काचेवरचा थर विसर. पाच मायक्रॉनच्या पुढे काच स्वतःच सगळं गिळते, तुझा थर तिथे असला काय, नसला काय. सिलिकॉनवरचं ६१० हे सिलिकॉनच्या जाळीचं, ११०७ हे त्यात अडकलेल्या ऑक्सिजनचं. त्याच वेफरचा कोरा तुकडा पार्श्वभूमी म्हणून वापरलास तर दोन्ही बऱ्यापैकी वजा होतील. एमएस्सीवाले कोरा तुकडा कापून ठेवत नाहीत आणि मग महिनाभर शोधत बसतात. जमलं तर फ्लोट-झोन सिलिकॉन माग, त्यात ऑक्सिजन जवळपास नसतो. २३५० चं जोडशिखर हा कार्बन डायऑक्साइड, बहुधा तुझाच श्वास. नमुना ठेवताना झाकण उघडं टाकून मैत्रिणीशी बोलत होतीस का? झाकण लावून पाचेक मिनिटं थांब आणि मग मोज. १६०० च्या अवतीभवती झाडूच्या काड्यांसारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती हवेतली वाफ, तीही तुझ्या थराची नव्हे.

आलेख ४०० ला संपतो कारण बहुतेक एफटीआयआरमधला किरण दुभंगणारा भाग पोटॅशियम ब्रोमाइडवर बसवलेला असतो, आणि ते मीठ स्वतःच तिथे अपारदर्शक होतं. तुझं शिखर ४१० ला, यंत्राची नजर ४०० पर्यंत. म्हणजे डोंगराचा एक उतार तेवढा हाती आला. सीझियम आयोडाइडचा भाग असलेलं यंत्र शोध, ते २०० च्या आसपासपर्यंत उतरतं. सरांना सांग, या मापनासाठी दुसऱ्या विद्यापीठात नमुने पाठवायला लागले तर पाठवा. आणि थर तिरका ठेवून, पी-ध्रुवित प्रकाशात (ज्याचं विद्युतक्षेत्र किरणाच्या आपाती प्रतलात असतं) एकदा मोज. सरळ पडलेल्या किरणांना फक्त आडवी कंपनं दिसतात. तिरक्यात पातळ थराचं उभं कंपनही दिसतं, हे बेरेमनने १९६३ मध्ये दाखवलं. तुला ४१० आणि ५९० दोन्ही हवेत, तर तिरका कोन हवाच.

शेवटचं. शोधनिबंध वाचताना 'झिंक-ऑक्सिजन बंधाचं शिखर ४८७ ला आढळलं' छापाची वाक्यं दिसतील, त्यावर मान डोलवू नकोस. पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळीत भुकटी दाबून काढलेल्या आलेखात शिखर आडव्या आणि उभ्या कंपनाच्या मधे कुठेही पडू शकतं, आणि कुठे पडेल ते कणांच्या आकारावर ठरतं. काडीसारखे कण एका जागी, गोल कण दुसऱ्या. मिश्रणाचं प्रमाण त्यावरून सांगणं म्हणजे हवेत गोळीबार. आणि जुलैत नाशिकला गोळी दाबायचीच असेल तर मीठ ओव्हनमधून काढल्या काढल्या दाब, नाहीतर ३४०० ला पाण्याचा असा फुगवटा येतो की पाहणाऱ्याला वाटेल तू गंगापूर धरणाचाच आलेख काढला आहेस.

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल देखभालीत आहे. दर महिन्याला थर्मल कॅमेऱ्याने पॅनेल तपासतो. पॅनेलच्या पारदर्शक झाकणातून काहीच दिसत नाही आणि चकचकीत बसबार (वीज वाहणारी तांब्याची पट्टी) गरम असूनही थंड दिसते. ते सवयीचं झालंय. पण हल्ली वाचतो की सिलिकॉन कार्बाइडनंतर गॅलियम ऑक्साइडच्या चिप येणार. ती म्हणे काचेसारखी पारदर्शक असते. मग आमचा कॅमेरा तिचं तापमान दाखवेल का?
— एक देखभाल तंत्रज्ञ, अंबड

तुमचा प्रश्न प्रयोगशाळांनाही छळतो. आधी सवयीचं झालंय ते: तुमचा कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉन पाहतो. झाकणाचं पॉलिकार्बोनेट तिथे अपारदर्शक, म्हणून कॅमेरा झाकणाचंच तापमान सांगतो. घासलेलं तांबं त्या पट्ट्यात फारच कमी उत्सर्जन करतं, त्याच्या पोटात तुमचं आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं. शटडाउन मिळेल तेव्हा बसबारवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून ठेवा. त्याची उत्सर्जकता ०.९५ च्या आसपास असते. पुढच्या वेळी तेवढ्या तुकड्याचं वाचन घ्या. चालू लाइनवर मात्र हे धाडस नको.

गॅलियम ऑक्साइडचा गॅप ४.८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, सिलिकॉनचा १.१. अंदाजाप्रमाणे ते सेंटिमीटरला ८० लाख व्होल्टपर्यंतचं क्षेत्र सोसू शकेल. सिलिकॉन कार्बाइड त्याच्या निम्म्याच्याही आत थांबतं. शिवाय ते सिलिकॉनसारखं वितळवून त्यातून स्फटिक ओढता येतो, सिलिकॉन कार्बाइडचं तसं जमत नाही. २०१२ साली जपानमध्ये याचा ट्रान्झिस्टर चालवून दाखवला आणि तेव्हापासून गवगवा सुरू आहे. दुखणं एकच, पण मोठं: उष्णता वाहून नेण्यात हा पदार्थ सुमार. दिशेप्रमाणे मीटर-केल्विनला १० ते २७ वॉट. सिलिकॉनचं १५० च्या आसपास. ॲल्युमिनियम मिसळून गॅप आणखी वाढवतात, पण मिश्रणात हलके-जड अणू विस्कळीत बसल्यामुळे उष्णतेची वाट आणखी अडते. म्हणजे जिथे तापमान मोजण्याची सर्वांत गरज, तिथेच कॅमेरा फसवा.

फसवा कसा, ते पहिल्या पत्रातल्या हिशेबाने पाहा. गॅलियम ऑक्साइडची सर्वांत वरची कंपनं तरंगसंख्या ८०० च्या थोडी पुढे, म्हणजे १२ मायक्रॉनच्या आसपास. ६ मायक्रॉनच्या अलीकडे ते चांगलं पारदर्शक. ३ ते ५ मायक्रॉनचा महागडा कॅमेरा आणलात तर तो चिपच्या आरपार खालची धातूची पट्टी बघेल. तुमच्या ८ ते १४ वाल्याचं वाचन म्हणजे खिचडी: अलीकडच्या भागात थोडं आरपार, १२ च्या पुढे परावर्तन, आणि मधे एका अरुंद पट्ट्यात चिप खरंच नीट उत्सर्जन करते. कॅमेरा या सगळ्यांची बेरीज करून एक आकडा देतो. ॲल्युमिनियम वाढवलं की कंपनं वर सरकतात, ही वाटणीही बदलते, म्हणून एका मिश्रणावर लावलेली दुरुस्ती दुसऱ्याला लागू नाही. त्यात हा स्फटिक तिरपा, मोनोक्लिनिक. झिंक ऑक्साइडच्या दोन प्रकारच्या इन्फ्रारेड कंपनांच्या जागी याची बारा, आणि त्यातली आठ कुठल्याच अक्षाशी सरळ जुळत नाहीत. चिप टेबलावर नुसती फिरवली तरी परावर्तन बदलतं. २०२२ मध्ये याच तिरपेपणामुळे त्याच्या पृष्ठभागावर एका बाजूला कललेल्या विचित्र इन्फ्रारेड लहरी सापडल्या. भौतिकशास्त्र्यांना दिवाळी, देखभालवाल्यांना डोकेदुखी.

तुमच्यापुरतं उत्तर: उघड्या चिपवर कॅमेऱ्याचं वाचन धरू नका. प्रयोगशाळेत रामन विकिरणाने नाहीतर वरच्या धातूच्या परावर्तनातल्या बदलावरून तापमान काढतात. तुमच्यापर्यंत हा माल येईल तो काळ्या आवरणात बंद होऊन, आणि त्या आवरणाचं तापमान तुमचा आत्ताचा कॅमेराच व्यवस्थित दाखवेल.

प्रश्न: ताई, नमस्कार. निफाड तालुक्यात आमची थॉमसनची बाग आहे. थंडी उतरली की फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात. पहाटे शेकोट्या पेटवतो, बोअरचं पाणी ठिबकने सोडतो. यंदा एक विक्रेता 'नॅनो ऑक्साइडची इन्फ्रारेड अडवणारी फिल्म' घेऊन आला. म्हणतो, उन्हाळ्यात उष्णता आत येत नाही आणि हिवाळ्यात बाहेर जात नाही. क्रॉप कव्हर म्हणून टाकावी का? एकरी खर्च मोठा आहे.
— एक बागायतदार, निफाड

दादा, पैसे काढण्याआधी एकच गोष्ट विचारा: कुठल्या मायक्रॉनचं इन्फ्रारेड अडतं?

उन्हातलं इन्फ्रारेड ०.७ ते २.५ मायक्रॉनचं. तुमची बाग रात्री जे आकाशात सोडते ते १० मायक्रॉनच्या आसपासचं. दोघांचं नाव एक, बाकी काही एक नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हवेतून ८ ते १३ मायक्रॉनचे किरण बरेचसे सरळ वर निघून जातात, म्हणून पान हवेपेक्षाही थंड होतं. साधं पॉलिथिन त्या किरणांना जवळपास अडवतच नाही. दिवसा ते धुरकट दिसतं, १० मायक्रॉनला मात्र चक्क आरपार.

'नॅनो ऑक्साइड' म्हणून जे विकतात त्यात बहुतेकदा इंडियम-टिन किंवा अँटिमनी-टिन ऑक्साइडसारखे कण असतात. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर, म्हणून ते उन्हातलं इन्फ्रारेड अडवतात. मोटारीच्या काचेला ही फिल्म उत्तम. तुमच्या बागेला डिसेंबरात दुपारचं ऊन हवंय, ते ही फिल्म कापणार. आणि रात्रीचं काय? फिल्ममध्ये सुटे विखुरलेले कण आणि काचेवर बसवलेला सलग वाहक थर यांत फरक आहे. सलग थर १० मायक्रॉनचे किरण परत फिरवतो. सुटे कण तितकं करत नाहीत.

रात्रीची उष्णता धरायची तर फिल्ममध्ये असं काही हवं ज्याचं कंपन नेमकं १० मायक्रॉनला आहे. सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाचं तिथे आहे. म्हणून हरितगृहाच्या 'थर्मल' फिल्ममध्ये केओलिन, टाल्क अशी खनिजं घालतात किंवा पॉलिथिनमध्ये ईव्हीए हे दुसरं प्लास्टिक मिसळतात. झिंक ऑक्साइड या कामाचं नाही. त्याचं कंपन १७ ते २४ मायक्रॉनला, गरजेच्या पट्ट्याच्या बाहेर. ही खनिजांची फिल्म नॅनोच्या मानाने स्वस्तही पडते.

विक्रेत्याकडून ७ ते १४ मायक्रॉनमधली पारगम्यता लेखी मागा. देत नसेल तर गावात कुणा इलेक्ट्रिशियनकडे थर्मल कॅमेरा असेल तो घ्या, गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि मधे फिल्म ताणून धरा. पातेलं स्पष्ट दिसलं तर तुमच्या बागेची उष्णताही तशीच निघून जाणार. फिल्म कोरडी हवी आणि पातेल्यापासून हातभर लांब, कारण आतून वाफ धरली की पाण्याचा थर स्वतःच ते किरण अडवतो आणि कुठलीही फिल्म पास होते. तोवर बोअरचं पाणी सोडत राहा, जमिनीतून येणारं ते पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं.

प्रश्न: नातीला उन्हात नेताना सुनबाई झिंक ऑक्साइडचं क्रीम लावते. कॅलामाइनच्या बाटलीवरही तेच नाव. तुम्ही गेल्या अंकात ज्याला सेमीकंडक्टर म्हणालात ते हेच का?
— एक आजोबा, पंचवटी

हेच, आजोबा. ३७० नॅनोमीटरच्या अलीकडचं सगळं ते शोषून घेतं, म्हणून कातडी करपत नाही. पांढरं दिसतं ते कणांवरून प्रकाश विखुरल्यामुळे. कॅलामाइनचा गुलाबी रंग त्यात घातलेल्या आयर्न ऑक्साइडचा. पहिल्या पत्रातल्या मुलीसारखं कोणी त्यात मॅग्नेशियम मिसळून गॅप ४ वर नेला तर कड ३१० ला जाईल आणि ३२० ते ४०० चे अल्ट्राव्हायोलेट-ए किरण नातीच्या गालावर सरळ पोचतील. क्रीममध्ये साधं झिंक ऑक्साइडच बरं.